काजळी आणि मेण : बर्ट विल्यम्सच्या आवाजाची गोष्ट

साल १९०६, शहर न्यूयॉर्क. कोलंबिया फोनोग्राफ कंपनीच्या ध्वनिमुद्रण कक्षात एका मोठ्या कर्ण्यासमोर सहा फुटांहून उंच असा एक गृहस्थ उभा आहे. त्याचे नाव एग्बर्ट ऑस्टिन विल्यम्स. अवघी अमेरिका त्याला बर्ट विल्यम्स म्हणून ओळखते. गाण्याचे नाव 'नोबडी', म्हणजे 'कोणीच नाही'. रंगमंचावर हे गाणे म्हणताना तो चेहऱ्याला जळालेल्या बुचाची काजळी फासत असे, हातमोजे घालत असे, अंगात कसाबसा बसणारा जुना कोट चढवत असे. खिशातून एक लहानशी वही काढायची, तिची पाने सावकाश उलटत राहायचे, हवे ते पान सापडल्यासारखे करायचे आणि मगच तोंड उघडायचे, ही त्याची रीत. गाणे सुरू होण्याआधीच प्रेक्षक हसून बेजार झालेले असत.

कर्ण्यापुढे यातले काहीच चालणार नव्हते. कर्ण्याला डोळे नव्हते. त्याला वही दिसत नव्हती, कोट दिसत नव्हता आणि काजळीही दिसत नव्हती.

मग मेणावर उमटले ते नेमके काय? या धाग्याचा विषय तोच आहे. बर्ट विल्यम्स हा १९२० पूर्वीचा बहुधा सर्वाधिक खपाचा कृष्णवर्णीय ध्वनिमुद्रण कलाकार होता आणि वॉडव्हिलच्या रंगमंचावरील सर्वांत मोठ्या विनोदवीरांपैकी एक. वॉडव्हिल म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतील लोकप्रिय मिश्र करमणूक. एकाच तिकिटात गाणे, नाच, जादू, कसरत, प्राण्यांचे खेळ आणि विनोदी जोड्या, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे. दिवसातून अनेक खेळ होत आणि एका गावाहून दुसऱ्या गावी अखंड प्रवास चाले. या धकाधकीत घडलेल्या माणसाचा आवाज आज उपलब्ध आहे, पण तो ऐकण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी हवी.

पहिली तयारी तंत्राची. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. गायक कर्ण्यात गाई, हवेच्या कंपनांनी कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर खाच कोरत जाई. चूक झाली तर मेण बदलून पुन्हा पहिल्यापासून. मोठा, धारदार, सरळ आवाज या यंत्राला आवडे. कुजबुज त्याला ऐकूच येत नसे. वेळेची मर्यादा दोन ते चार मिनिटांची. म्हणून त्या काळचे बहुतेक यशस्वी ध्वनिमुद्रण कलाकार हे भक्कम फुप्फुसांचे, स्पष्ट उच्चारांचे, जवळजवळ हाळी देणारे गायक होते.

सुरुवातीची काही वर्षे तर एका मूळ मुद्रणावरून मुबलक प्रती काढण्याचीही सोय नव्हती. विल्यम्सच्या आधीचा कृष्णवर्णीय ध्वनिमुद्रण कलाकार जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन याची कहाणी या संदर्भात माहीत असायला हवी. व्हर्जिनियात गुलामगिरीच्या काळात जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या फेरीबोटींवर शीळ वाजवून आणि गाऊन पैसे मिळवत असे. १८९० च्या सुमारास फोनोग्राफवाल्यांनी त्याला हेरले. एका वेळी मोजक्याच नळकांड्या कोरल्या जात. म्हणून तेच हसण्याचे गाणे, तेच शीळ घालण्याचे गाणे त्याने दिवसातून कितीतरी वेळा पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि प्रत्येक वेळी तितक्याच मनापासून हसायचे. मोबदला एका वेळचे वीस सेंट. त्याच्या गाण्यांचे शब्द कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे होते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रणाच्या बाजारात कृष्णवर्णीय आवाजाला पहिली जागा मिळाली ती स्वतःवर हसून दाखवण्याच्या अटीवर, हे येथे नोंदवून पुढे जाऊ.

विल्यम्सचा जन्म १२ नोव्हेंबर १८७४ चा, बहामा बेटांतील नासाऊचा. म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन. कुटुंब पुढे फ्लोरिडात आणि तेथून कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड गावी आले. मुलगा वाचनाची आवड असलेला, शांत, उजळ वर्णाचा आणि कॅरिबियन बेटांवरचे इंग्रजी बोलणारा. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची म्हणून रंगमंचावर जी बोली चाले ती त्याला मुळीच येत नव्हती. एखादी परकी भाषा शिकावी तशी ती त्याने अभ्यास करून शिकली. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हा तपशील सतत मनाशी ठेवावा लागतो.

१८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याची गाठ जॉर्ज वॉकरशी पडली. वॉकर कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावचा, चपळ, बोलघेवडा, कपड्यांचा शौकीन. दोघांची जोडी जमली आणि ती सोळा वर्षे टिकली. त्यांच्या प्रारंभीच्या दिवसांतील एक प्रसंग वॉकरने १९०६ मध्ये लिहून ठेवला आहे. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात आफ्रिकेतील डाहोमीच्या लोकांचे 'खरेखुरे गाव' दाखवले जाणार होते. डाहोमीची माणसे वेळेवर पोहोचली नाहीत, तेव्हा आयोजकांनी स्थानिक कृष्णवर्णीयांना रोजंदारीवर घेऊन डाहोमीवासी म्हणून बसवले. विल्यम्स आणि वॉकर हे त्या बनावट आफ्रिकनांपैकीच. नंतर खरे डाहोमीवासी आले आणि यांची नोकरी संपली. पण दोघांना प्रदर्शनात जायची मुभा मिळाली आणि त्या पाहुण्यांचे नाचगाणे त्यांनी जवळून पाहिले. नऊ वर्षांनी या अनुभवाचे काय झाले ते पुढे येईलच.

आता काजळीविषयी. गौरवर्णीय नटांनी चेहरा काळा करून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याची परंपरा अमेरिकेत १८३० च्या दशकापासून जोरात होती. प्रेक्षकांना त्या नकलेची इतकी सवय झाली होती की खरा कृष्णवर्णीय माणूस रंगमंचावर आला तरी तो नकलेसारखा दिसावा अशी अपेक्षा असे. विल्यम्स आणि वॉकर यांनी या परिस्थितीतून एक धंदेवाईक युक्ती काढली. त्यांनी स्वतःची जाहिरात 'दोन खरे कून' अशी केली. 'कून' हा रकून या प्राण्याच्या नावावरून आलेला, कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा अपमानकारक शब्द. शिवी त्यांनी ठेवली, पण 'खरे' हे विशेषण जोडून नकली लोकांना डिवचले. ही बंडखोरी होती की तडजोड? दोन्ही होती, आणि त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीबद्दल हेच उत्तर द्यावे लागते.

सुरुवातीला विल्यम्स चेहरा रंगवत नसे. १८९० च्या दशकाच्या मध्यास डेट्रॉइटमधील मूर्स वंडरलँड या करमणूकगृहात एके दिवशी त्याने केवळ गंमत म्हणून काजळी फासली आणि एक गाणे म्हटले. प्रेक्षक इतके खूश झाले की सर्वांत जास्त आश्चर्य त्यालाच वाटले. पुढे १९१८ मध्ये एका लेखात त्याने लिहिले की आपण स्वतःकडे दुसराच कोणी असल्यासारखे पाहू लागलो तेव्हा आपली विनोदबुद्धी जागी झाली. काजळीमागे उजळ वर्णाचा, पुस्तके वाचणारा एग्बर्ट ऑस्टिन विल्यम्स नाहीसा झाला आणि सदा दुर्दैवी, सदा संथ, जगाने सर्व बाजूंनी लुबाडलेला एक माणूस उभा राहिला. त्याने ती काजळी पुढे रंगमंचावर शेवटपर्यंत उतरवली नाही. कलावंताला मुखवट्यातून मोकळेपण मिळते हे खरे. मात्र हा मुखवटा निवडला नसता तर त्याला रंगमंच मिळाला असता का, हा प्रश्न त्या मोकळेपणाच्या शेजारीच बसलेला आहे.

१८९६ मध्ये जोडी न्यूयॉर्कला आली आणि कोस्टर अँड बायल्स या नामांकित संगीतगृहात तिने जम बसवला. केकवॉक या नाचाने शहराला वेड लावले. मुळात हा नाच गुलामांनी मळेवाल्यांच्या डौलदार चालीची केलेली टिंगल होता असे मानले जाते; तोच आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला. वॉकर आणि विल्यम्स यांनी तर १८९८ मध्ये अब्जाधीश घराण्यातील विल्यम के. व्हॅंडरबिल्टला नाचाच्या स्पर्धेचे लेखी आव्हान दिले आणि पन्नास डॉलरची पैज लावली. जाहिरात म्हणून ही कल्पना अफलातून होती.

पण दिवस कसे होते पाहा. ऑगस्ट १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या टेंडरलॉइन भागात दंगल उसळली. दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारत सुटलेला गौरवर्णीयांचा जमाव रंगभूमीवरच्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय कलावंतांची नावे घेऊन त्यांना शोधत होता. विल्यम्स आणि वॉकर यांची नावे त्यात होती. ज्यांची गाणी लोक घरी गुणगुणत होते, त्यांच्याच जिवावर तेच शहर उठले होते.

दंगलीला जेमतेम चौदा महिने झाले असताना, ऑक्टोबर १९०१ मध्ये, नव्यानेच स्थापन झालेल्या व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीसाठी दोघांनी ध्वनिमुद्रण केले. व्हिक्टरने मुद्रित केलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकारांत त्यांची गणना होते. त्या तबकड्यांची संख्या थोडी, पण त्यांचे मोल मोठे आहे, कारण जॉर्ज वॉकरचा आवाज त्यांवर शिल्लक आहे. वॉकरची किमया त्याच्या पायांत, अंगविक्षेपांत आणि झळाळत्या पोशाखांत होती. कर्ण्याला ती दिसली नाही. त्याने पुढे फारसे ध्वनिमुद्रण केले नाही. यंत्राने जोडीतल्या एकालाच पसंत केले.

येथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. व्हिक्टरची मुळे ज्याच्या व्यवसायात होती त्या एमिल बर्लिनरकडे १८९० च्या दशकात फ्रेड गेस्बर्ग नावाचा तरुण काम करत होता. हाच गेस्बर्ग पुढे लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मेणावर घेतला. कर्ण्यासमोरचा कुत्रा हे व्हिक्टर आणि ग्रामोफोन कंपनी या दोन भगिनी कंपन्यांचे बोधचिन्ह, आणि महाराष्ट्रातील जुन्या घरांतून अजूनही सापडणाऱ्या तबकड्यांवर तेच आहे. आणखी एक गोष्ट : या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, त्या लाखेचा जगातील प्रमुख पुरवठादार भारत होता. झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली राळ येथल्या जंगलांतून गोळा होऊन समुद्रापार जाई आणि तिच्यावर परक्यांची गाणी उमटत.

१८ फेब्रुवारी १९०३ रोजी न्यूयॉर्क थिएटरमध्ये 'इन डाहोमी' उघडले. संगीत विल मॅरियन कुक यांचे, गीते प्रामुख्याने कवी पॉल लॉरेन्स डनबार यांची, संवाद जेसी शिप यांचे आणि नटसंच संपूर्ण कृष्णवर्णीय. ब्रॉडवेच्या एका प्रमुख नाट्यगृहात असे पूर्ण लांबीचे संगीत नाटक प्रथमच होत होते. प्रदर्शनात रोजंदारीवर डाहोमीवासी झालेले दोघे आता स्वतःच्या नाटकाचे नायक होते. मे महिन्यात मंडळी लंडनला गेली. तेथे शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये अडीचशेहून अधिक प्रयोग झाले आणि २३ जून १९०३ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात, राजाच्या नातवाच्या वाढदिवशी, खास प्रयोग झाला. १९०४ मध्ये एडिंबरातील एका फ्रीमेसन मंडळाने विल्यम्सला रीतसर सदस्य करून घेतले. अमेरिकेतील गौरवर्णीयांची मंडळे त्याला दारातही उभी करत नव्हती.

आता पुन्हा १९०६ च्या त्या कर्ण्यापाशी येऊ. 'नोबडी'चे शब्द अॅलेक्स रॉजर्सचे, चाल विल्यम्सची. गाण्याचा आशय साधा. आयुष्यात संकटे येतात, भूक लागते, थंडी वाजते, तेव्हा मदतीला कोण येते, असा प्रश्न गाणारा स्वतःलाच विचारतो आणि उत्तर देतो : कोणीच नाही. धृपदात तो ठरवतो की मग आपणही कोणासाठी काही करायचे नाही. कागदावर हे विशेष विनोदी नाही. विनोद आहे तो प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या जागेत. विल्यम्स प्रश्न विचारतो, थांबतो, जणू खरेच कोणीतरी आठवते का ते पाहतो, आणि मग तो एक शब्द लांबवत, खाली घसरवत टाकतो. मागे ट्रॉम्बोन तसाच घसरत जातो, जणू तोही सुस्कारा टाकतो आहे.

ज्या यंत्रासमोर सगळे हाळी देत होते, त्याच्यासमोर हा माणूस थांबत होता. दोन-चार मिनिटांच्या मेणात गप्प बसणे ही उधळपट्टी होती. शिवाय तो गात होता असेही धड म्हणता येत नाही. तो बोलता बोलता गाई. वाद्ये ठेका धरून पुढे जात आणि हा निवांत मागून येई, शब्द ठेक्याच्या जरासा नंतर ठेवी. त्याचा गळा मोठ्या पल्ल्याचा नव्हता आणि त्याला ते पुरेपूर ठाऊक होते. त्याच पिढीतील इतर विनोदी गायकांची ध्वनिमुद्रणे शेजारी लावून पाहिली तर फरक लगेच कळतो. ती मंडळी जाहीर सभेत बोलल्यासारखी गातात; विल्यम्स शेजारच्या खुर्चीत बसलेल्याला सांगतो.

आता या धाग्यातील सर्वांत अवघड मुद्दा. तबकडीवर काजळी दिसत नाही, म्हणून तबकडीवरचा विल्यम्स हा 'खरा' विल्यम्स, असे मानण्याचा मोह होतो. अनेक रसिक लेखक तसे मानतातही. तो मोह आवरायला हवा. कारण त्या आवाजातली बोली हीच एक काजळी होती. नासाऊत जन्मलेल्या आणि रिव्हरसाइडमध्ये शिकलेल्या माणसाने ती अभ्यासाने अंगी बाणवली होती. आणि ती काजळी केवळ त्याच्यापुरती नव्हती. त्याच काळात आर्थर कॉलिन्ससारखे गौरवर्णीय गायक तीच बोली बोलून 'कून गाणी' मुद्रित करत होते आणि त्यांच्या तबकड्या अमाप खपत होत्या. रंगमंचावर गौरवर्णीय नटाला कृष्णवर्णीय होण्यासाठी बूच जाळावे लागे. कर्ण्यापुढे नुसता उच्चार बदलला की काम भागे. दूरच्या एखाद्या खेड्यातील घरात तबकडी ऐकणाऱ्या माणसाला कोणता गायक कोण आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. यंत्राने काजळी पुसली नाही. ती आवाजात नेऊन ठेवली आणि सर्वांना स्वस्तात उपलब्ध करून दिली.

विल्यम्सचे स्वतःचे म्हणून जे मेणावर राहिले ते म्हणजे त्याचे काळाचे भान. ते थांबणे, ते मागे रेंगाळणे, दुःखाला विनोदाच्या इतक्या जवळ नेऊन ठेवणे की ऐकणाऱ्याने हसावे आणि हसल्याबद्दल त्याला किंचित अवघडल्यासारखे व्हावे. बोली कोणीही उसनी घेऊ शकत होता. ते थांबणे उसने घेणे अवघड होते. पुढे 'फॉलीज'मध्ये त्याच्यासोबत काम केलेल्या एडी कँटरसारख्या नटांनी त्याच्याकडून हीच गोष्ट शिकण्याचा प्रयत्न केला.

'नोबडी' इतके गाजले की ते त्याच्या मानगुटीवर बसले. जाईल तेथे तेच म्हणण्याचा आग्रह होई. १९१८ च्या त्या लेखात त्याने वैतागून लिहिले आहे की या गाण्याचा कवी आणि चाल लावणारा, दोघांचाही वेळीच जीव गेला असता तर बरे झाले असते. चाल लावणारा तो स्वतःच होता.

१९०९ मध्ये जोडी तुटली. 'बँडाना लँड' या नाटकाचे प्रयोग चालू असतानाच उपदंशाच्या शेवटच्या अवस्थेतील वॉकरची जीभ अडखळू लागली, शब्द हरवू लागले. त्याला थांबावे लागले तेव्हा त्याची पत्नी एडा ओव्हर्टन वॉकर, स्वतः त्या काळची श्रेष्ठ नर्तिका, त्याचा पुरुषी पोशाख चढवून त्याचे गाणे म्हणू लागली. जानेवारी १९११ मध्ये वॉकर वारला. धंद्याची बाजू, वाटाघाटी, कृष्णवर्णीय कलावंतांना संघटित करण्याची धडपड हे सगळे वॉकरने सांभाळले होते. विल्यम्सचा स्वभाव भिडस्त. एकट्याच्या बळावर काढलेले पुढचे नाटक चालले नाही.

१९१० मध्ये निर्माता फ्लोरेन्झ झिगफेल्डने त्याला 'फॉलीज'मध्ये घेतले. गौरवर्णीय नटसंचातला तो पहिला कृष्णवर्णीय प्रमुख कलावंत. सहकलाकारांनी काम सोडण्याची धमकी दिली, तेव्हा तुमच्यापैकी प्रत्येकाच्या जागी दुसरा आणता येईल, ज्याला काढायला सांगता आहात त्याच्या जागी नाही, असे झिगफेल्डने सुनावल्याची कथा सांगितली जाते. विल्यम्सच्या करारात दक्षिणेकडील राज्यांत दौरा नको आणि रंगमंचावर गौरवर्णीय स्त्रीबरोबर एकट्याने प्रवेश नको, अशी कलमे होती आणि ती त्याने स्वतःच मागून घेतली होती असे सांगतात. ज्या देशात अशा एखाद्या प्रवेशावरून माणसाला झाडाला लटकवले जाऊ शकत होते, तेथे ही सावधगिरी होती. काही कृष्णवर्णीयांना वाटले की त्याने स्वतःची रंगभूमी सोडली. उलट बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्याच वर्षी म्हटले की आपल्यापेक्षा या माणसाने आपल्या समाजासाठी अधिक केले आहे. १९१९ पर्यंत मधली एखाद-दोन वर्षे वगळता तो 'फॉलीज'मध्ये होता.

'फॉलीज'मधील त्याचा पोकरचा मूकप्रवेश दंतकथेसारखा झाला. एकटा माणूस, समोर पत्ते नाहीत, भिडू नाहीत, आणि केवळ चेहरा व हात यांच्या बळावर तो संपूर्ण डाव उभा करी. कर्ण्याला हे कधीच टिपता आले नसते. सुदैवाने १९१६ मध्ये बायोग्राफ कंपनीने काढलेल्या 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' या लघुपटात तो डाव आला आहे. त्याआधी १९१३ मध्ये त्याला नायक करून एक लांब चित्रपट चित्रित झाला होता. तो पूर्ण झालाच नाही. त्याची न जोडलेली रिळे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अनेक दशके पडून होती. २०१४ मध्ये ती जोडून प्रेक्षकांसमोर आणली गेली. त्यात काजळी फासलेला एकटा विल्यम्सच आहे. भोवतालचे कृष्णवर्णीय कलावंत आपापल्या चेहऱ्यांनिशी हसतात, नाचतात, प्रेम करतात.

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात मात्र ही दहा वर्षे त्याच्या भरभराटीची. कोलंबियासाठी तो जवळजवळ अखेरपर्यंत गात राहिला. १९१३ मध्ये त्याने 'नोबडी' पुन्हा मुद्रित केले. त्याच सुमारास त्याने नुसत्या बोलण्याच्या, गाण्याशिवायच्या कथाही मेणावर दिल्या. एका कथेत वादळी रात्री पडक्या घरात आसरा घेतलेल्या धर्मोपदेशकासमोर एकामागून एक मोठमोठी मांजरे येतात आणि मार्टिन येईपर्यंत थांबू या, असे आपसांत बोलतात. १९१९ मध्ये आलेली 'एल्डर ईटमोर'ची प्रवचने ही तर बारा इंची तबकडीवरची छोटी नाटकेच आहेत. भक्तांनी अधिक देणगी द्यावी म्हणून कळकळीने बोलणारा उपदेशक आणि मधूनमधून प्रतिसाद देणारी मंडळी. त्याच सुमारास अमेरिकेत दारूबंदी आली आणि विल्यम्सला नवा विषय मिळाला. दारूच्या वियोगाची त्याची गाणी खूप खपली.

यश मोठे होते, पण हॉटेलात मागच्या जिन्याने जाणे सुटले नाही. कृष्णवर्णीय असणे लाजिरवाणे आहे असे आपल्याला कधी आढळले नाही, अमेरिकेत ते गैरसोयीचे मात्र वारंवार आढळले, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. हेही वाक्य 'नोबडी'च्याच लयीतले आहे. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नटांचा मोठा संप झाला. नटांच्या संघटनेने विल्यम्सला सदस्य केलेले नव्हते. तो नेहमीप्रमाणे आला, रंगला, तयार झाला, आणि नाट्यगृहात कोणीच नाही. संप आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्याबरोबर 'फॉलीज'मध्ये काम केलेल्या डब्ल्यू. सी. फील्ड्सने त्याच्याविषयी म्हटले होते की इतका हसवणारा आणि इतका दुःखी माणूस आपण दुसरा पाहिला नाही.

फेब्रुवारी १९२२ मध्ये 'अंडर द बांबू ट्री' या नाटकाचा दौरा चालू होता. नटसंच गौरवर्णीय, मध्यभागी एकटा विल्यम्स, आणि सगळा डोलारा त्याच्या नावावर. तो न्यूमोनियाने आजारी होता. आपण थांबलो तर सर्वांचे काम जाईल म्हणून तो उभा राहत होता. २७ फेब्रुवारीला तो रंगमंचावर कोसळला. प्रेक्षकांना तो विनोदाचाच भाग वाटला आणि ते हसले. गाव डेट्रॉइट, जेथे त्याने पहिल्यांदा काजळी फासली होती तेच. ४ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय सत्तेचाळीस. एडिंबराच्या मंडळाच्या विनंतीवरून न्यूयॉर्कमधील गौरवर्णीय फ्रीमेसन मंडळाने त्याचे अंत्यविधी केले.

त्याच्या मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, १९२० मध्ये, मेमी स्मिथचे 'क्रेझी ब्लूज' बाजारात आले होते आणि कृष्णवर्णीय ग्राहकही तबकड्या विकत घेतात हे कंपन्यांना प्रथमच उमगले होते. पुढच्या पाच वर्षांत मायक्रोफोन आला, कर्णा अडगळीत गेला आणि कुजबुजही मुद्रित होऊ लागली. विल्यम्स ज्या पद्धतीने गात होता ती पद्धत सर्वांना परवडू लागली तेव्हा तो नव्हता. 'नोबडी' मात्र गायले जात राहिले. जॉनी कॅशने ते २००० साली मुद्रित केले.

१ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १९२३ पूर्वीची सर्व ध्वनिमुद्रणे सार्वजनिक मालकीची झाली, आणि विल्यम्सच्या बहुतेक सगळ्या तबकड्या आता मोफत ऐकता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'नॅशनल ज्यूकबॉक्स' हा संग्रह त्यासाठी चांगला. ऐकताना 'नोबडी'ची १९०६ ची आवृत्ती आधी लावावी आणि १९१३ ची नंतर. दोन्ही वेळा शब्द फारसे बदलत नाहीत. प्रश्न संपल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी तो किती थांबतो, तिकडे कान द्यावा.